पेढ्याच्या खोक्यातले इंग्रजी शब्द : साताऱ्यातलं एक प्रकरण

मुलगा माण तालुक्यातला. बी.एस्सी. झालेला, वय २२, पोवई नाक्याच्या मागच्या बाजूला तिघांत एक खोली घेऊन राहणारा. सीडीएसची, म्हणजे फौजेत अधिकारी होण्यासाठीची परीक्षा एकदा देऊन झाली होती. गणित बरं गेलं, सामान्यज्ञान ठीक, इंग्रजीने घात केला. माझ्याकडे पहिल्यांदा आला तो वडिलांना घेऊन. वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. तासभर बसले, पण पाठ खुर्चीला टेकली नाही. म्हणाले, "बाई, पोरगं मेहनतीला कमी न्हाई. रात्री झोपंत पण इंग्रजी बडबडतंय. पेपरात मात्र उतरत न्हाई."

मी कॉलेजात इंग्रजी शिकवते आणि संध्याकाळी घरी सात-आठ मुलं घेते. या जिल्ह्याला फौजेची ओढ जुनी आहे. मिलिटरी अपशिंगे हे फौजींचं गाव इथलंच, देशातली पहिली सैनिक स्कूल १९६१ साली निघाली तीही साताऱ्यातच. त्यामुळे अशी मुलं दरवर्षी दाराशी येतात. याच मुलाबद्दल लिहायला बसले, कारण त्याच्या बाबतीत माझी पद्धत आधी चालली आणि मग तोंडावर आपटली. आपटली ती का, हे मला तोवर कळलेलं नव्हतं.

वही

दोनशे पानी वही, मधोमध रेघ. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. एपासून झेडपर्यंत चौदाशे शब्द, कुठल्याशा पीडीएफवरून उतरवलेले. अक्षर सुरेख.

उजवा रकाना हाताने झाकून मी ओळीने वीस शब्द विचारले. सतरा बरोबर आले. मग तेच वीस उलटसुलट विचारले, सहा आले. 'इग्रीजस' म्हटल्यावर त्याने डोळे मिटले आणि पुटपुटला, "इफेस, इगोइस्ट, इग्रीजस... घोर!" त्याला शब्द येत नव्हता, पान येत होतं. पाढ्याचं असंच होतं. सात सक किती म्हणून मधेच विचारलं की पोर सात एके सातपासून गाडी सोडतं. पोहोचतंही. पण सीडीएसच्या इंग्रजीच्या पेपरात दोन तासांत १२० प्रश्न, आणि चुकलं की त्या प्रश्नाच्या गुणाचा एक तृतीयांश वजा. तिथे सात एकेपासून यायला वेळ कुठला?

मी विचारलं, "घोर म्हणजे काय रे?"

"घोर म्हणजे... मोठं?"

इथे मला खरा रोग दिसला. चौदाशे इंग्रजी शब्दांच्या जोडीला हा चौदाशे मराठी शब्दही न कळता पाठ करत होता. 'ऑब्सीक्विअस'पुढे लिहिलं होतं 'आज्ञाधारक'. फौजीच्या मुलाला आज्ञाधारक ही शाबासकी वाटणार. इंग्रजीत मात्र हा शब्द साहेबाच्या मागेमागे करणाऱ्या लाळघोट्यासाठी आहे.

हर्मन एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने स्वतःवरच प्रयोग करून, माणूस पाठ केलेलं किती वेगाने विसरतो ते १८८५ साली मांडलं. पाठ करायला त्याने मुद्दाम अर्थहीन अक्षरजोड्या घेतल्या होत्या, म्हणजे ओळखीपाळखीचा आधार मिळू नये. आमच्या मुलाने तोच प्रयोग चौदाशे शब्दांवर लावला होता, फक्त निकाल काय लागणार ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मेंढरं

वही बाजूला ठेवली आणि घरचं विचारलं. थोडी कोरडवाहू शेती, आई, धाकटी बहीण, आणि चुलत्यांची मेंढरं. लहानपणी सुट्टीत तोही चुलत्यांबरोबर रानोमाळ जायचा. मी म्हटलं, संध्याकाळी मेंढरं कशी आवरता ते सांग.

इतका वेळ एकेका शब्दात उत्तर देणारा मुलगा सुटला. दिवसभर पांगलेली मेंढरं आधी एका जागी आणायची. लंगडं, आजारी असेल ते बाजूला काढायचं. कुणाचं चुकलेलं मेंढरू आलं असेल तर तेही आपल्यात घ्यायचं, सकाळी धनी शोधत येतो. मग वाघर लावायची, म्हणजे जाळ्याचं कुंपण, आणि आत कोंडायची. "आणि मॅडम, एखादंच असं असतं ना, की हजारात ओळखू येतं. त्याला वाघरीत घातलं तरी ते बाहेरच दिसतं."

मी कागदावर एक गोल काढला. लॅटिनमध्ये कळपाला 'ग्रेक्स' म्हणतात. तू आत्ता जे सांगितलंस ते एकेक करून लिही. पांगलेली एकत्र आणली, काँग्रिगेट. आजारी बाजूला काढलं, सेग्रिगेट. दुसऱ्याचं आपल्यात मिळवलं, अ‍ॅग्रिगेट. ज्याला कळपाशिवाय करमत नाही तो ग्रिगेरिअस. आणि हजारात उठून दिसणारं, कळपाच्या बाहेरचं, ते इग्रीजस.

त्याने गोलात मेंढरं काढली, बाणांनी आतबाहेर केली, प्रत्येक बाणावर शब्द लिहिला. पंधरा मिनिटांत पाच शब्द झाले. दुसऱ्या दिवशी उलटसुलट विचारले, पाचही आले. आठ दिवसांनी विचारले तरी आले. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली, जरा लवकरच.

पुढचे दोन महिने हेच. शब्द आला की मी आधी तालुक्यात काय सापडतं ते बघायची. 'रायव्हल' आला. लॅटिनमध्ये 'रीवुस' म्हणजे ओढा, आणि एकाच ओढ्याचं पाणी वापरणारे ते एकमेकांचे रायव्हल. हे त्याला समजावून सांगावंच लागलं नाही. रात्री दोन वाजता पाटाच्या पाण्याची पाळी, बारं द्यायला गेलं तर वरच्याने दांड फोडून आपल्याकडे वळवलेला. रोमन शेतकऱ्याला वेगळा अनुभव आला नसावा. त्याच ओढ्यातून 'डिराइव्ह' निघतो, म्हणजे मूळ प्रवाहातून पाट काढून आणणं. मात्र 'रिव्हर' त्यातला नाही. तो 'रीपा' म्हणजे काठ, त्यावरून आला. 'अराइव्ह' त्याच काठावरचा : नाव काठाला लागली. दिसायला सख्खे भाऊ आणि गोत्र वेगळं, असे शब्द पुढे आम्हाला फार छळणार होते, पण तेव्हा मी हे नुसतं गंमत म्हणून सांगितलं.

दंडाच्या बेटकुळीवरून 'मसल' झाला. आपल्याला दंडात बेडूक दिसला, रोमन लोकांना छोटा उंदीर, मुस्कुलुस. 'कॅल्क्युलेट' खड्यांवरून, मोजायला ते खडे घ्यायचे. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर मुतखड्याला कॅल्क्युलस लिहितात ते यामुळेच, आणि वडिलांचा रिपोर्ट घरात असल्याने हा शब्द त्याला फुकटात मिळाला. 'डिझास्टर'मध्ये तारा आहे. ग्रह फिरले, एवढंच.

सगळ्यात जास्त रमला तो जुवाशी. बैलाच्या मानेवरचं जू. संस्कृतात युग म्हणजे जू, लॅटिनमध्ये यूगुम, इंग्रजीत योक. तिन्ही एकाच घरचे. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच उगमातून आल्या असाव्यात असं विल्यम जोन्सने १७८६ साली कलकत्त्यात मांडलं, त्याला पुरावा म्हणून आमच्या गोठ्यातलं हे लाकूड पुरे. 'सबजुगेट' म्हणजे जुवाखाली आणणं. हरलेल्या शत्रूला रोमन सैन्य खरोखरच भाल्यांचं जू करून त्याखालून वाकून जायला लावत असे. आणि 'कॉन्जुगल' म्हणजे नवराबायकोचं, एकत्र जुंपलेलं. तो लाजला, पण शब्द विसरला नाही.

एक गोष्ट त्याला फार उशिरा सांगितली, खरं तर पहिल्या दिवशी सांगायला हवी होती. इंग्रजीत एकाच अर्थाचे तीन-तीन शब्द का असतात? आस्क, क्वेश्चन, इंटरॉगेट. पहिला घरचा, जुन्या इंग्रजीतला. दुसरा १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं त्यानंतर फ्रेंचमधून उतरलेल्या शब्दांपैकी. तिसरा पंडितांनी लॅटिनमधून उचललेला. आपल्याकडे घरी दूध असतं आणि डेअरीच्या पाटीवर दुग्ध उत्पादक. सकाळी कुणी "दुग्ध घेतलंस का" विचारत नाही. हे कळलं की समानार्थी शब्दांच्या प्रश्नात चारपैकी दोन पर्याय आपोआप गळतात, कारण पोलीस इंटरॉगेट करतात आणि आई आस्क करते.

आपटलो ते इथे

तिसऱ्या महिन्यात सराव पेपर घेतला. समानार्थी-विरुद्धार्थी शब्दांचे वीस प्रश्न. तो हसत बाहेर आला. "मॅडम, सगळीकडं मूळ लावलं."

नऊ बरोबर, अकरा चूक. वहीवाल्या दिवसांत येत नसलेला प्रश्न तो सोडून द्यायचा. आता एकही सोडला नव्हता, त्यामुळे वजाबाकी भरपूर झाली होती. चुका बघत बसले तेव्हा चार जागी थबकले.

'एनर्व्हेट'ला त्याने 'जोर भरणे' निवडलं होतं. नर्व्ह आहे, एनर्जीसारखा दिसतो, म्हणून. प्रत्यक्षात सुरुवातीचा 'ए' म्हणजे बाहेर, आणि लॅटिनमध्ये नर्व्हुस म्हणजे स्नायूची दोरी. ती काढून घेतली की उरतो तो गलितगात्र. 'नॉइसम'ला 'गोंगाटाचा' निवडलं. त्याचा नॉइजशी काही संबंध नाही, तो 'अ‍ॅनॉय'चं शेपूट घेऊन आलेला आहे आणि अर्थ आहे दुर्गंधीने नकोसं करणारा. 'मेरिट्रिशस' त्याला गुणवंत वाटला. तो निघाला मेरेट्रिक्स म्हणजे वेश्या या शब्दावरून, अर्थ वरवर भपकेबाज. गंमत अशी की मेरिट आणि मेरेट्रिक्स दोन्ही 'कमावणे' या एकाच धातूवरचे, त्यामुळे त्याचा तर्क अगदीच हवेतला नव्हता. उत्तर मात्र चूक.

या तीन चुका त्याच्या अंदाजाच्या. चौथी माझी. 'इग्रीजस'ला त्याने 'उत्कृष्ट' निवडलं होतं.

"हजारात उठून दिसणारं म्हणजे भारीच की, मॅडम. आमच्या चुलत्यांचा मेंढा तसाच आहे."

त्याचं बरोबर होतं, चारशे वर्षांपूर्वी. हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा नामवंत, असामान्य असाच त्याचा अर्थ होता. सोळाव्या शतकाच्या शेवटाकडे तो उपहासाने वापरला जाऊ लागला आणि पुढे वाईटासाठीच राहिला. आज इग्रीजस चूक असते, इग्रीजस विद्वान नसतो. त्याच्या वहीत 'घोर' लिहिलेलं होतं ते बरोबर होतं. मी मेंढरं दाखवण्याच्या नादात ते खोडून टाकलं, आणि कळपाबाहेर गेल्यावर त्या शब्दाचं काय झालं ते सांगितलंच नाही.

हे पटवायला मराठीच कामाला आली. शिक्षा म्हणजे काय? "मार." हिंदीत? "शिक्षण." संस्कृतात? शिकणंच. चेष्टा म्हणजे? "मस्करी." हिंदीत आणि संस्कृतात चेष्टा म्हणजे प्रयत्न, हालचाल. मग एसएसबीला, म्हणजे लेखीनंतरच्या निवड मुलाखतीला, हिंदीवाल्या अधिकाऱ्याने "चेष्टा करो" म्हटलं तर तू काय विनोद सांगणार? तेव्हा कुठे तो हसला.

मूळ शब्दाचं माहेर सांगतं. सासरी तो कसा नांदतोय ते सासरी जाऊनच बघावं लागतं.

त्याच दिवसांत दुसरा त्रास सुरू झाला. त्याला मुळं दिसायचं वेड लागलं. मोबाइलवर कुठेतरी वाचून आला की 'न्यूज' म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथची पहिली अक्षरं. की 'सिन्सिअर' म्हणजे मेण न लावलेला पुतळा. दोन्ही थापा. न्यूज हे 'न्यू'चं अनेकवचन, आणि मेणाच्या गोष्टीला भाषाशास्त्रात आधार नाही. मी सांगितलं तर म्हणाला, "पण मॅडम, लक्षात तर राहतं ना?" राहतं खरं. खोटी गोष्ट खरीपेक्षा जास्तच राहते, कारण ती घडवलेलीच असते लक्षात राहण्यासाठी.

मग मी विचारलं, वाघर हा शब्द कुठून आला असेल? "वाघापासनं. वाघ आत येऊ नये म्हणून लावायची ती वाघर. चुलत्यांनीच सांगितलंय." मी म्हटलं, संस्कृतात वागुरा म्हणजे जाळं, फास. वाघाचा तिथे काही संबंध नाही. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "चुलत्यांना नका सांगू हं."

खोकं

त्यानंतर क्रम उलटा केला. आधी वाक्य, मग मूळ. तो रोज वाचनालयात जाऊन इंग्रजी वर्तमानपत्राचं संपादकीय पान वाचायचा आणि अडलेला शब्द अख्ख्या वाक्यासकट एका चिठ्ठीवर उतरवायचा. आजूबाजूच्या वाक्यांवरून अर्थाचा अंदाज पेन्सिलीने लिहायचा. मग शब्दकोश बघायचा, अंदाज चुकला असेल तर खोडायचा नाही, शेजारी बरोबर अर्थ पेनने लिहायचा. चिठ्ठीच्या मागे माहेर, आणि शेवटी स्वतःचं एक वाक्य, ज्यात गावातला किंवा खोलीतला एखादा माणूस आलाच पाहिजे. 'प्रीकेरिअस'च्या चिठ्ठीवर मागे लिहिलंय : मूळ प्रार्थना, दुसऱ्याच्या मर्जीवर मिळालेलं, कधीही काढून घेतलं जाईल असं. खाली वाक्य आहे खोलीमालकाबद्दल. ते इथे देत नाही.

चिठ्ठ्या कंदी पेढ्याच्या रिकाम्या खोक्यात, पुठ्ठ्याचे तीन कप्पे करून. आलेला शब्द पुढच्या कप्प्यात, चुकलेला पुन्हा पहिल्यात. पहिला कप्पा रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा पंधरवड्याने. युक्ती माझी नाही, सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने १९७० च्या दशकात ती लोकप्रिय केली. पेढ्याचं खोकं तेवढं आमचं. चौदाशे शब्दांचा नाद सोडला. परीक्षेपर्यंत साडेचारशेच्या आसपास चिठ्ठ्या झाल्या असतील.

सगळ्या शब्दांना हे लागू पडलं नाही. ग्लिब, गॉन्ट, कर्ब असे आखूड शब्द मूळ उकरून फारसं काही देत नाहीत. ते वाक्यांतून चार-पाचदा भेटल्यावरच बसले. म्हणींचं आणि 'गिव्ह अप'सारख्या फ्रेझल व्हर्ब्सचंही तेच. आणि त्याच बॅचला शहरातली, इंग्रजी माध्यमातली एक मुलगी होती. तिला मी मेंढरांची गोष्ट तेवढ्याच उत्साहाने सांगितली, तर म्हणाली, "मॅडम, फक्त मीनिंग सांगा ना." तिने आयुष्यात वाघर पाहिली नव्हती. तिच्या खोक्यात वेगळ्या गोष्टी लागल्या असत्या. त्या मी शोधल्या नाहीत, हेही याच प्रकरणात नोंदवून ठेवते.

पुढच्या परीक्षेत तो लेखीत पास झाला. इंग्रजीत किती मुळांमुळे आणि किती रोजच्या वाचनामुळे, हे मला वेगळं काढता येत नाही. वाचनाचा वाटा मोठा असावा असं मला आता वाटतं. एसएसबीतून मात्र पाचव्या दिवशी परत आला. सध्या पुन्हा तयारी चालू आहे.

लेखीचा निकाल लागला त्या संध्याकाळी बापलेक पेढे घेऊन आले. आणखी एक खोकं. वडील या वेळीही ताठच बसले होते. मुलगा चिठ्ठ्यांचं खोकं दाखवत होता, त्यातली एक त्यांनी उचलली. लेफ्टनंट. मागे लिहिलं होतं : फ्रेंच, ल्यू म्हणजे जागा, तेनाँ म्हणजे धरणारा, वरच्याच्या जागी उभा राहणारा.

"आणि नायब?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, अरबी शब्द. दुसऱ्याच्या जागी काम बघणारा. अर्थ तोच.

त्यांनी चिठ्ठी दोनदा उलटसुलट केली. "म्हंजी एवढं शिकून हा पण नायबच होणार म्हणा की."

मुलगा हसू दाबत माझ्याकडे बघत होता. त्यांनी चिठ्ठी नीट तिसऱ्या कप्प्यात ठेवली, झाकण लावलं, मग पुन्हा उघडलं.

"बाई, हवालदाराचं काय हो? ती चिठ्ठी न्हाई दिसत यात."